पंधरा वर्षांचे निळे रविवार

पाचपावलीच्या विणकरांच्या वस्तीत कुसुमावती धकाते म्हणून कोणाचा पत्ता विचारला असता, तर लोकांनी जरा डोकं खाजवलं असतं. नळीवाली कुसुम म्हटलं की मात्र कोणीही सरळ घर दाखवायचं. हे नाव तिला मुळीच आवडत नव्हतं, पण वस्तीनं ते एकदा चिकटवलं आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

याची सुरुवात झाली बापूजींच्या पायापासून. बापूजी म्हणजे तिचे वडील. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या खड्डामागावर रेशीमकाठी लुगडी विणण्यात त्यांचा जन्म गेला. १९६४च्या उन्हाळ्यात मागाच्या पायाखालच्या फळीची एक ढलपी त्यांच्या अंगठ्यात शिरली. काढून टाकली, हळद भरली, पुन्हा मागावर बसले. दोन महिने झाले तरी जखम भरेना. मग अंगठा काळा पडला, मग पाऊल. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी लघवी तपासली आणि मग घोट्यावरून पाय कापला. तरी बापूजी वाचले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले. त्यांची आई, म्हणजे कुसुमची आजी, अशीच वाळत वाळत गेली होती. ती अंगणाच्या कोपऱ्यात लघवीला बसून उठली की तिथं मुंग्या लागायच्या. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा अर्थ कोणाला माहीत नव्हता.

बापूजी दवाखान्यात असतानाच तिथल्या डॉक्टरांनी दोघा भावंडांना व्हरांड्यात बोलावून घेतलं. कुसुम सत्तावीस वर्षांची, लग्न झालेली. तिचा धाकटा भाऊ बाबूलाल चोविशीचा. डॉक्टर म्हणाले, "ही साखरेची बिमारी रक्तातून उतरते. आजीला होती, वडिलांना झाली. तुम्हाला होईलच असं नाही, पण होऊ शकते. वजन वाढू देऊ नका, गोडधोड आवरा, आणि लघवी तपासत राहा. लवकर कळलं तर पाय वाचतात."

दोघांनीही माना डोलावल्या. बाबूलालनं डोलावली ती डॉक्टरांनी लवकर सोडावं म्हणून. कुसुमनं डोलावली ती ऐकलं म्हणून. पुढच्या सगळ्या वर्षांची कटकट या एका फरकातून निघाली.

कुसुम विणकरांच्या सोसायटीत तपासनीस होती. विणून आलेलं लुगडं उजेडात धरायचं, तुटलेला धागा, सुटलेली वीण, काठाचा डाग शोधायचा. खोट असलेलं लुगडं तिच्या हातून कधी पुढे गेलं नाही, म्हणून अर्धी वस्ती तिच्यावर खार खाऊन होती. असा स्वभाव असल्यावर डॉक्टरांचं बोलणं ती कानाआड कसं टाकणार? मागच्या गल्लीत नानाजी राहत. एका खाजगी लॅबमध्ये तीस वर्षं काम करून ते घरी बसले होते. ती त्यांच्याकडे गेली. नानाजींनी तिला सगळं दाखवलं. काचेच्या नळीत पाच सीसी बेनेडिक्टचं निळं औषध घ्यायचं, त्यात ड्रॉपरनं लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटं उकळायचं. नळी लाकडी चिमट्यात धरायची आणि तिचं तोंड भिंतीकडे करायचं, नाहीतर उकळी उसळून अंगावर येते. थंड झाल्यावर रंग पाहायचा. निळं राहिलं तर काही नाही. हिरवं झालं तर चाहूल. पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की पाणी डोक्यावरून गेलं.

"सकाळची पहिलीच घेत जा," नानाजी म्हणाले. "ते सर्वात दाट राह्यते. काही असन तर त्याच्यातच दिसन."

कुसुमनं ते मनात पक्कं केलं. गांधीबागेतून औषधाची बाटली आणली, दोन नळ्या आणल्या आणि येत्या रविवारी सकाळी अनशापोटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवा पेटवला.

सासू तुळजाबाई देवपूजेला फुलं घेऊन आत आल्या आणि नाकाला पदर लावून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली वं हे?"

"तपासून राहिली, आत्याबाई. साखर आहे का ते."

"कशात?"

कुसुमनं सांगितलं. तुळजाबाईंच्या हातातली फुलं तशीच राहिली. त्या दिवशी सगळं स्वयंपाकघर दोनदा सारवलं गेलं, चूलसुद्धा नव्यानं लिंपली. दुपारी सासू मुलाला म्हणाली, "जागेश्वर, तुझ्या बायकोले सांग, या घरात अन्न शिजते. मूत नाई शिजत."

जागेश्वर मिलमध्ये कामाला होता, अबोल माणूस. त्यानं कोणाची बाजू घेतली नाही. पण संध्याकाळी न्हाणीघराच्या कोपऱ्यात दोन विटा रचल्या, वर एक फळी ठेवली आणि कुसुमला म्हणाला, "इथं कर." तेवढ्यावर ते भांडण मिटलं, पण गोष्ट मात्र सासूच्या तोंडून वस्तीभर गेली. नळीवाली कुसुम हे नाव तिथूनच पडलं.

पहिला रविवार निळा. दुसरा निळा. महिना निळा, वर्ष निळं. कुसुमला बरं वाटायचं आणि वैतागही यायचा. कारण नळी निळी असली तरी तिनं गोड सोडलं होतं. चहा बिनसाखरेचा, पुरणपोळीचा नुसता कोर, दिवाळीच्या करंजीला हात नाही. लग्नाच्या पंगतीत वाढणारे हातात बुंदीचं ताट घेऊन अडून बसायचे.

"एक तरी घे वं बाई. तुले बिमारी झाली का?"

"नाई झाली."

"मंग काहून नाई खात?"

याला ती काय सांगणार? बिमार माणसाला लोक समजून घेतात, धडधाकट माणसाला आग्रह करतात. जो अजून बिमार नाही पण होऊ शकतो, त्याला काय म्हणायचं हे कोणालाच कळत नव्हतं. "होऊ शकते" असं ती म्हणाली की बाया एकमेकींकडे पाहायच्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "तू रोज वाट पाहून राहिली, म्हणून एक दिवस येईनच ते." कुसुम ताटावरून अर्धवट उठली आणि घरी येऊन जागेश्वरला म्हणाली, "मी आता कोणाच्या लग्नाले नाई येणार." जागेश्वर म्हणाला, "बरं." पुढच्या महिन्यात दोघं पुन्हा लग्नाला गेले. जावं तर लागतंच.

पण तिचा खरा त्रास होता बाबूलाल.

बाबूलालनं बापूजींनंतर माग विकला आणि जरीपटक्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात सेल्समन म्हणून लागला. माणूस बोलका, हसरा. गिऱ्हाइकाला बसवून ठेवण्याची त्याला कला होती. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एक गोड चहा, दुपारी समोरच्या हलवायाकडची जिलबी. अंगानं चांगला भरला. कुसुम त्याला दर राखीला सांगायची, दर भाऊबीजेला सांगायची. तो हसून म्हणायचा, "बाई, तू तपासतेस ना? आपलं रक्त एकच आहे. तुझी निळी, तर माझीबी निळी."

१९७३च्या पोळ्याला ती त्याच्याकडे जेवायला गेली होती. जेवताना त्यानं पाण्याचे पाच लोटे संपवले. जेवण होईपर्यंत दोनदा मागच्या दारी जाऊन आला. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. कुसुमचा घास हातातच राहिला. आजी अशीच पाणी प्यायची.

"बाबू, मले उद्या सकाळची लघवी दे. बाटलीत भरून पाठव."

"सणाच्या दिवशी काय लावलं वं हे," तो बायकोकडे पाहून म्हणाला. बायको कौसल्या खाली मान घालून वाढत होती.

"दे म्हणते ना मी."

"मले काही झालं नाई."

"नाई झालं तर निळी येईन. भेतोस काहून?"

तिनं तीन आठवडे पाठ सोडली नाही. जरीपटक्याच्या दुकानातही गेली. गिऱ्हाइकांसमोर बहीण लघवीची बाटली मागते म्हटल्यावर बाबूलाल लाजेनं लाल झाला आणि "पाठवतो, पाठवतो" म्हणत तिला रस्त्यापर्यंत सोडून आला. त्या रविवारी सकाळी खरंच कौसल्या आली. पदराखाली बाटली. हातात देऊन लगेच निघाली, चहालाही थांबली नाही.

कुसुमनं न्हाणीत दिवा पेटवला. आठ थेंब मोजले. उकळी आली, नळी बाजूला धरली, थंड होऊ दिली.

निळी. स्वच्छ निळी.

तिनं पुन्हा केली. पुन्हा निळी. कुसुम तिथंच फळीशेजारी बसून रडली. मग तोंड धुऊन स्वतः भावाच्या घरी गेली आणि त्याला सांगून आली. बाबूलाल खूश झाला. त्या दिवसापासून जो कोणी त्याला टोकील त्याला तो सांगू लागला, "आमच्या बाईनं तपासलं आहे. मी निळा आहे." कुसुमचं तोंडही त्यानं तेवढ्यावर बंद करून टाकलं. त्याचं पाणी पिणं तिला दिसत होतं, पण आपल्याच नळीला खोटं कसं म्हणायचं?

दीड वर्षानं, १९७५च्या होळीच्या सुमाराला, बाबूलालच्या पाठीवर काळपुळी उठली. आठ दिवसांत हाताच्या पंजाएवढी झाली, अनेक तोंडांनी वाहू लागली. तापात त्याची शुद्ध हरपली आणि त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. कुसुम पोचली तेव्हा तरुण डॉक्टर खिडकीजवळ उभे होते. त्यांच्या हातातल्या नळीतला रंग तिनं दारातूनच ओळखला. पंधरा वर्षं ती रंग पाहत आली होती लुगड्यांचे, अकरा वर्षं नळीतले. विटेचा लाल.

"असं कसं होईन?" ती डॉक्टरांना म्हणाली. "मी स्वतः तपासली याची. निळी होती."

"केव्हा?"

"दीड वर्ष झालं."

"तेव्हाही असणारच. एवढं काही एका दिवसात होत नाही." डॉक्टर कामात होते, पुढे निघून गेले.

कौसल्या खाटेच्या पायथ्याशी बसली होती. कुसुम तिच्याकडे वळली. तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. कौसल्येला ती नजर सहन झाली नाही.

"माझी होती, बाई," ती हळूच म्हणाली. "ते म्हणाले, तुझीच भर अन् दे नेऊन. बाईचं समाधान होईन. मी नाई म्हणत होती. पण ते म्हणाले, का एवढं मनावर घेतेस, एक बाटलीच तर आहे."

राग कोणावर काढायचा? भाऊ बेशुद्ध पडलेला. भावजय रडत असलेली. आणि नळी तर खरंच बोलली होती, तिनं कौसल्येला साखर नाही एवढंच सांगितलं होतं. ती दवाखान्याच्या जिन्यावर येऊन बसली. जागेश्वर तिला शोधत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सोसायटीत लुगडं कोणी विणलं त्याची सही घेतल्याशिवाय मी हातात धरत नाई. इथं मी सही नाई घेतली."

बाबूलाल वाचला. पाठीवर खोल खड्डा राहिला आणि रोजचं इन्सुलिन मागे लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की रोज लघवी तपासून रंग लिहून ठेवायचा, त्यावर डोस ठरेल. कौसल्येला दिव्याची भीती वाटायची, पहिल्याच दिवशी उकळी उसळून तिचा हात भाजला. मग कोण करणार? कुसुमनं तीन महिने भावाशी बोलणं टाकलं होतं, पण रोज सकाळी सोसायटीत जायच्या आधी ती वाट वाकडी करून त्याच्या घरी जायची, न बोलता तपासायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रंग लिहायची आणि न बोलता निघून जायची. वस्तीतल्या लोकांना याची मोठी गंमत वाटायची.

एवढं होऊनही बाबूलाल सुधारला नाही. कधी बाटलीत पाणी मिसळून ठेवायचा. कुसुमला पाहताक्षणी कळायचं. मग ती मागच्या दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "माझ्यासमोर आत जा, अन् आत्ताची दे." पस्तिशीचा माणूस तो, आतून ओरडायचा, "शरम नाई वाटत का वं तुले?" ती बाहेरून म्हणायची, "तुले वाटली नाई बायकोची बाटली पाठवताना, मले काहून वाटन?" तिचं बोलणं सुरू झालं ते असं.

जरीपटक्यातली जिलबी मात्र ती बंद करू शकली नाही. कॅलेंडरवर नारिंगी, लाल, नारिंगी, पिवळा, लाल. ती डॉक्टरांना दाखवायची. डॉक्टर बाबूलालला रागवायचे. बाबूलाल तेवढ्यापुरता गंभीर व्हायचा. आणि दर रविवारी घरी येऊन कुसुम स्वतःची नळी करायची, सकाळची पहिली, अनशापोटी. ती निळीच राहायची. तेवढाच एक तिला आधार होता. खोटं कशाला बोलायचं, थोडा तोराही होता. भावाला ती म्हणायची, "पथ्य केलं का असं राह्यते."

१९७९ साली सोसायटीच्या सेक्रेटरीनं तिच्यासमोर एक लुगडं पसरलं. काठाजवळ बोटभर जागेत धागे तुटलेले. मुंबईच्या व्यापाऱ्यानं परत पाठवलं होतं. तपासणीची सही कुसुमची.

"कुसुमताई, हे तुमच्या हातून कसं गेलं?"

तिनं लुगडं उजेडात धरलं. तुटका धागा तिला दिसला, पण धूसर, पाण्याआडून दिसावा तसा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला खाली पाहावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती सीताबर्डीवर चष्मेवाल्याकडे गेली. त्यानं नंबर काढला. पंधरा दिवसांनी चष्मा घेतला तर त्यातून काहीच नीट दिसेना. पुन्हा नंबर काढला, तो वेगळाच आला. चष्मेवाला म्हातारा आणि अनुभवी होता. तो म्हणाला, "बाई, नंबर असा हलत असला तर एकदा साखर पाहून घ्या."

कुसुम चिडली. "माझी साखर मी दर रविवारी पाहते. पंधरा वर्षं झाली. नाई आहे."

आणखी दोन महिने तिनं तसेच काढले. शेवटी जागेश्वरच कधी नव्हे ते अडून बसला. "रक्त तपासून घे. एकदा. मले बरं वाटन." त्याच्यासाठी म्हणून ती धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे गेली. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग जेवून यायला सांगितलं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त आणि लघवी घेतली. संध्याकाळी डॉक्टरांनी समोर बसवलं. उपाशीपोटीची साखर थोडी वर होती. जेवणानंतरची दोनशे चाळीस, म्हणजे फारच वर.

"लघवीत?" कुसुमनं विचारलं.

"जेवणानंतरच्या लघवीत पिवळा रंग आला."

"असं कसं? माझी दर रविवारी निळी येते."

"तुम्ही तपासता कधी?"

"सकाळी. पहिली. अनशापोटी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माणूस चांगला होता, त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "सुरुवातीला साखर जेवणानंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. रक्तात बरीच वाढल्याशिवाय ती लघवीत येतच नाही. तुम्ही अशा वेळेला तपासत होता की जेव्हा ती सापडणारच नव्हती. जेवल्यावर दोन तासांनी पाहिलं असतं तर दोन-तीन वर्षं आधी कळलं असतं."

"मले कोणी सांगतलं नाई," कुसुम म्हणाली.

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "सांगायला हवं होतं."

नानाजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते असते तरी ती त्यांना काय बोलली असती? त्यांनी जे माहीत होतं ते मनापासून शिकवलं होतं. व्हरांड्यातले ते डॉक्टर आता कुठं असतील कोण जाणे, त्यांनी तपासा म्हणून सांगितलं, केव्हा ते सांगितलं नाही. पंधरा वर्षांचे रविवार. सासूचे टोमणे, न्हाणीतला धूर, बुंदीच्या पंगती, वस्तीतलं ते नाव. एवढं सगळं सोसलं आणि वेळच चुकीची. त्या संध्याकाळी ती रिक्षात बसली नाही. धंतोलीपासून पाचपावलीपर्यंत पायी गेली आणि जागेश्वर सायकल हातात धरून तिच्या मागं मागं चालत राहिला.

बाबूलालला कळलं तेव्हा तो भेटायला आला. त्याला आता काठी लागत होती, पायाची आग व्हायची. काठी भिंतीला टेकवून तो खाली बसला. मग म्हणाला, "तू तर गोड खाल्लं नाई, बाई. तरी झालं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण टोमणा असता तर बरं झालं असतं, असं कुसुमला वाटलं. ती उठून आत गेली आणि आतूनच ओरडून म्हणाली, "तुझी आजची नळी झाली का?"

डॉक्टर मात्र तिच्या पथ्याला वाया गेलं म्हणायला तयार नव्हते. ते म्हणाले, "गोड सोडलंत, वजन ताब्यात ठेवलंत, म्हणून तुम्हाला बेचाळिसाव्या वर्षी झाली. भावाला तिशीतच झाली होती. तुमची पावलं चांगली आहेत, डोळ्यांचे पडदे चांगले आहेत. गोळी घ्या, चाला." गोळ्यांनी साखर खाली आली तशी तिची नजरही दोन महिन्यांत बरीच ताळ्यावर आली. ती ऐकायची सगळं. मान डोलवायची. पण घरी आल्यावर न्हाणीतली ती फळी पाहिली की ती चिडायची. वेळ तिनं बदलली. आता ती जेवायची, घड्याळ पाहायची आणि दोन तासांनी दिवा पेटवायची. तुळजाबाई आता थकल्या होत्या. त्या खाटेवरून विचारायच्या, "कोणता रंग आला वं?" एवढ्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारायला सुरुवात केली होती.

१९८२ साली बाबूलाल गेला. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. बेचाळीस वर्षांचा होता. शेवटच्या आठवड्यात त्यानं कौसल्येला सांगितलं, "बाईले रंग दाखवत जा." कशाचा रंग आणि कोणाचा, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याच्या मागं कौसल्या आणि एकुलती मुलगी प्रेमिला. प्रेमिलाला एकोणिसावं लागलं तेव्हा उमरेडहून स्थळ आलं. मुलाकडचे बोलणीसाठी येणार त्याच्या आदल्या दिवशी कौसल्या कुसुमकडे आली.

"बाई, एक सांगायचं होतं. ते लोक विचारतीन, बाप कायनं गेला. मी अटॅक सांगणार आहे."

"काहून?"

"साखर म्हटलं तर पोट्टीले कोण करन? आजा, बाप, आत्या. तुमीच सांगा."

कुसुमनं समजावलं, रागावली, नळ्या दाखवल्या. लपवून काय झालं ते तूच पाहिलं ना म्हणाली. कौसल्या ऐकून घेत राहिली आणि शेवटी एकच बोलली, "तुमाले पोरगी नाई, बाई." कुसुमला एकही मूल नव्हतं. तिनं दाखवायला काढलेल्या नळ्या पुन्हा आत नेऊन ठेवल्या.

बोलणी झाली. मुलाच्या काकांनी विचारलं, कौसल्येनं अटॅक सांगितला, आणि कुसुम कोपऱ्यात सुपारी कातरत बसून राहिली. तिनं आयुष्यात इतकी खोट समोर दिसत असताना सही केली नव्हती. लग्नाच्या आठवड्यात हळदीच्या गडबडीत तिनं प्रेमिलाला मागच्या खोलीत ओढलं.

"ऐक. दर तीन महिन्यांनी एकदा तपासायचं. जेवल्यावर दोन तासांनी, सकाळी नाई. समजलं का?"

"हो, आत्या."

"अन् दिवस गेले की पहिल्याच दिवशी डॉक्टरले सांगायचं, माझ्या बापाले साखर होती म्हणून. सासू काहीबी म्हणो. सांगशीन?"

"हो ना, आत्या." बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. प्रेमिलानं ऐकलं की मान डोलावली, हे कुसुमला कळलं नाही. ते तिला बाबूलालचंही कधी कळलं नव्हतं.

दीड वर्षानं लेकीला भेटायला गेलेली कौसल्या उमरेडहून रडत परत आली. प्रेमिलाला पाचवा महिना होता. तिनं डॉक्टरला खरोखरच सांगितलं होतं. डॉक्टरनं तपासलं, साखर निघाली आणि इन्सुलिन सुरू केलं. सासरी रामायण झालं. घरची बिमारी लपवून पोरगी दिली, त्या आत्याला सगळं ठाऊक होतं, ती समोर बसून सुपारी कातरत होती, असं सासूनं चारचौघांत सुनावलं. नवरा मात्र रोज बायकोबरोबर दवाखान्यात जात होता.

बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली, पावणेचार किलोची. बाळंतपणानंतर प्रेमिलाची साखर खाली आली, पण डॉक्टरांनी सांगितलं की पुढं लक्ष ठेवावं लागेल. बारशाला कौसल्येला बोलावणं आलं. कुसुमला आलं नाही.

बारशाहून कौसल्या परत आली त्या दिवशी दुपारी जागेश्वर घरीच होता. मिल अर्ध्या पगारावर चालू होती. दोघं जेवली. कुसुमनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि भांडी घासायला बसली. जागेश्वर शेजारी येऊन बसला.

"पोट्टीनं सांगतलं तरी डॉक्टरले," तो म्हणाला.

"हो," कुसुम म्हणाली. "अन् मले बारशाले नाई बोलावलं."

"दोन्ही खरं आहे."

"तुमाले काय जाते सांगाले," ती म्हणाली आणि राखेनं कढई जोरात घासू लागली. काही वेळानं तिनं हात थांबवला. "पोरीचं नाव काय ठेवलं, ते तरी कौसल्येले विचारून या."

जागेश्वरनं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. दिवा पेटवायला अजून दीड तास होता.